आठचा आकडा

तुम्ही बर्फ पाहिला आहे का? 'हो' म्हणाल. रसाच्या दुकानात पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी किंवा गोळेवाल्याच्या गाडीवरचा किसलेला बर्फ कोणी पाहिलेला नाही? वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत माझीही बर्फाशी एवढीच ओळख होती. मी मालेगावचा. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा गावचा एक मास्तर बर्फावरून घसरण्याचा खेळ शिकायला थेट काश्मीरला गेला, ही गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे. वाचताना हसू आले तर खुशाल हसा. मात्र हसण्याबद्दलही मला शेवटी थोडे बोलायचे आहे.

पुण्यात बी.एड. करत असताना माझ्या खोलीत काश्मीरचा एक मुलगा राहत होता. त्याचे घर टंगमर्गला. तो आमच्याशी उर्दूत बोलत असे. पहिल्या काही महिन्यांत त्याने मराठीही शिकायला घेतली होती. दुकानाच्या पाट्या मोठ्याने वाची, भाजीवाल्या मावशींशी मराठीत भाव करी. पुढे एकाएकी त्याने मराठी बोलणे सोडून दिले. का सोडले, हे मी तेव्हा विचारले नाही. शिक्षण संपले, तो त्याच्या गावी शिक्षक झाला, मी माझ्या गावी. फोनवर मात्र आमची मैत्री टिकून राहिली. "एकदा हिवाळ्यात ये, तुला बर्फावर चालवतो," असे तो दर वर्षी म्हणे. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये मी रजा टाकली, मनमाडला झेलम एक्सप्रेस पकडली आणि निघालो.

दोन रात्री गाडीत काढून जम्मूला पोहोचलो. तेथून पुढचा सारा प्रवास डोंगरातल्या रस्त्याने झाला. आता २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते. त्या वेळी ही सोय नव्हती. श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारे पन्नास किलोमीटर आहे. त्याच्या अलीकडे तेरा किलोमीटरवर टंगमर्ग. मित्राच्या अम्मींनी दारातच माझ्या अंगावर फिरन चढवला. फिरन म्हणजे गुडघ्यांखाली येणारा लोकरी झगा. त्याच्या आत हातात कांगडी धरायची. वेताच्या टोपलीत मातीचे भांडे आणि त्यात निखारे, ही झाली कांगडी. पोटाशी शेगडी घेऊन बसायचे, याची मला प्रथम फार भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मी ती खाली ठेवायला तयार नव्हतो.

गुलमर्ग हे नाव उर्दूत लिहिलेले पाहून तुम्ही दचकाल. 'मर्ग' म्हणजे आपल्या भाषेत मृत्यू. मग 'फुलांचा मृत्यू' असे नाव कोणी कशाला ठेवील? मीही मित्राला हेच विचारले. तो म्हणाला, "अरे, काश्मिरीत मर्ग म्हणजे डोंगरावरचे कुरण. सोनमर्ग, टंगमर्ग, गुलमर्ग, सगळी कुरणेच." सोळाव्या शतकातील सुलतान यूसुफ शाह चक याने हे नाव ठेवले, असे सांगतात. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. गुलमर्गचे कुरण समुद्रसपाटीपासून सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजार मीटर चढलो, की गुलमर्गची जमीन लागते! इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली येथे स्की क्लब सुरू केला. पुढे सरकारी प्रशिक्षण संस्था आली, आणि १९९८ मध्ये दोरावर चालणाऱ्या पाळण्यांचा, म्हणजे गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला. २००५ मध्ये दुसरा टप्पाही झाला. हे पाळणे आता अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटर उंचीपर्यंत माणसे नेतात.

मित्राचे चाचा गुलमर्गला स्की शिकवतात. माझे उस्ताद तेच. मोठ्या उत्साहाने मी त्यांच्याबरोबर कुरणावर गेलो आणि निराश झालो. फर आणि देवदारांच्या रांगांनी वेढलेले ते विस्तीर्ण मैदान पांढरे दिसत होते खरे, पण त्या पांढऱ्यातून पिवळ्या गवताची टोके वर आली होती. हंगाम नुकताच लागत होता. घोडेवाले, घसरगाडी ओढणारे, बूट भाड्याने देणारे, सारे जण पुन्हा पुन्हा आभाळाकडे पाहत होते. मृग कोरडा गेला की आमच्याकडचा शेतकरी जसा पाहतो, अगदी तसे.

"चाचा, थोडा का होईना, बर्फ आहे ना? मला शिकवा," मी म्हणालो.

चाचांनी हातातली काठी बर्फात खुपसली. ती चार बोटे आत गेली आणि 'टक्' असा आवाज आला. खाली दगड होता.

"मास्टरसाहेब, जाड बर्फात पडलात तर कपडे झटकून उठाल. पातळ बर्फ फसवा. वरून तो सारखाच पांढरा दिसतो. थांबा. चिल्ला-ए-कलां लागला आहे. बर्फ येईल."

चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे तुम्हांला ठाऊक आहे. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून थंडीचा कडक चिल्ला सुरू होतो, तो चिल्ला-ए-कलां. कलां म्हणजे मोठा. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ला-ए-खुर्द येतो, आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्ला-ए-बच्चा. 'खुर्द' हा शब्द तुम्ही आपल्या गावांच्या नावांतही ऐकता. एकाच नावाची दोन गावे शेजारी असली की लहान ते खुर्द आणि मोठे ते बुद्रुक. 'बुद्रुक' हे आपल्या 'बुजुर्ग' या शब्दाचेच मराठी रूप आहे. शब्द किती दूरचा प्रवास करतात पाहा! कडक थंडीत पडलेला बर्फ लवकर वितळत नाही. तो डोंगरावर साठून राहतो आणि उन्हाळ्यात हळूहळू विरघळून ओढ्यांना पाणी देतो. म्हणून चिल्ला-ए-कलांमधील बर्फाची वाट केवळ खेळणारेच पाहत नाहीत, शेतकरीही पाहतात.

आम्ही दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांत मी घरातल्या जमिनीवर स्कीचे बूट घालून चालायला शिकलो. हे बूट कडक प्लॅस्टिकचे असतात. पायाला प्लॅस्टर घातल्यासारखे वाटते. घोटा जरासुद्धा हलत नाही. चाचा कांगडी कुरवाळत गोष्टी सांगत. टंगमर्गच्या परिसरातील आरिफ खान यांची गोष्ट त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितली. फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून ते एकटेच खेळाडू उतरले होते. जायंट स्लॅलम या शर्यतीत त्यांचा पंचेचाळिसावा क्रमांक आला. स्लॅलमची शर्यत मात्र त्यांना पूर्ण करता आली नाही.

"एवढे मोठे खेळाडू, आणि शर्यत पूर्ण झाली नाही?" मी विचारले.

"म्हणूनच सांगतो आहे," चाचा म्हणाले आणि हसले.

तिसऱ्या दिवशी पहाटे नमाजासाठी उठलो, तर बाहेर विलक्षण शांतता. कुत्र्याचे भुंकणे नाही, पावलांचा आवाज नाही. दार उघडले तो अंगण, भिंत, अक्रोडाचे झाड, सारे पांढरे! अम्मी म्हणाल्या, "शीन मुबारक!" मी गोंधळलो. शीन तर आपल्या अलिफ-बेतले अक्षर! मग कळले, की काश्मिरीत बर्फाला 'शीन' म्हणतात आणि नवा बर्फ पडला की एकमेकांना अशी मुबारकबाद देतात.

चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीतून आम्ही गुलमर्गला पोहोचलो. कालचे पिवळे गवत कुठल्या कुठे गेले होते. चाचांनी माझ्या बुटांना स्की जोडल्या. टाच दाबली की 'खट्' असा आवाज होतो आणि बूट स्कीवर बसतो. जोरात पडले तर तो आपोआप सुटतो, म्हणजे पाय मुरगळत नाही. हातांत दोन काठ्या. मी उताराकडे तोंड केले. चाचांनी मला आडवे वळवले.

"आधी पडा."

"काय?"

"पडा. बाजूला, डोंगराच्या अंगाला. गुडघे वाकवून बसल्यासारखे. हात पुढे टेकू नका, मनगट जाईल."

पहिला तासभर मी केवळ पडलो आणि उठलो. उठण्याचीही युक्ती असते. दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणायच्या; नाहीतर उठता उठताच माणूस पुन्हा घसरतो. वर चढायचे तेही आडवे, जिन्याच्या पायऱ्या एकेक करून चढावे तसे. मी वैतागून म्हणालो, "चाचा, मी घसरायला आलो आहे, पडायला नाही."

चाचा म्हणाले, "पडायला घाबरणारा माणूस ताठ होतो, मास्टरसाहेब. आणि ताठ झालेलाच मोडतो."

मग त्यांनी थांबायला शिकवले. आणि येथे, मित्रांनो, आपली उर्दू कामाला आली. चाचांनी काठीने बर्फावर उर्दूतला आठचा आकडा काढला. तो कसा असतो ते तुम्हांला माहीत आहेच. वर एक टोक आणि खाली पसरलेले दोन पाय. "स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब. गुडघे थोडे आत. आठ करा. आठ जितका रुंद, तितका वेग कमी. आठ नीट झाला की थांबलात. सात करू नका!" उर्दूतला सात म्हणजे नेमका उलटा आकडा. पुढची टोके फाकली की दोन पाय दोन दिशांना निघतात. आठ केला की स्कीच्या आतल्या कडा बर्फात रुततात, बर्फ अडवतो आणि माणूस थांबतो. उजव्या पायावर भार दिला की डावीकडे वळतो, डाव्यावर दिला की उजवीकडे. सारे शास्त्र एवढ्यावरच उभे आहे.

दहा-पंधरा वेळा मी छान थांबलो. झाले! मला वाटले, आपल्याला आले. चाचा दुसऱ्या एका शिकाऊकडे वळलेले पाहून मी पंचवीस-तीस पावले आणखी वर चढलो आणि सुटलो. वारा कानांत भरला. मला फार आनंद झाला. तो आनंद चार-पाच क्षणच टिकला. वेग वाढला तसा मी घाबरलो, घाबरलो तसा ताठ झालो, आणि आठ करायचा तो सात झाला. एक स्की गवताच्या गड्ड्यात अडकली. मी तोंडावर आपटलो. चष्मा उडाला, एक स्की सुटून खाली गेली, नाकातोंडात बर्फ भरला.

गुडघा दुखत होता, पण मित्रांनो, खरे सांगतो, सर्वांत आधी मी गुडघ्याकडे पाहिले नाही. मी मान वर करून आजूबाजूला पाहिले. कोण हसते आहे, हे मला बघायचे होते. पस्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला, शाळेत सगळी मुले ज्याला 'सर' म्हणतात असा माणूस बर्फात पालथा पडला होता. हसायलाच हवे होते कोणीतरी.

कोणी हसले नाही. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी सरसर खाली आली, माझ्याजवळ थांबली, बर्फातून चष्मा शोधून माझ्या हातात दिला आणि "आठ, अंकल, आठ!" असे सांगून निघून गेली. त्या उतारावरचा प्रत्येक जण त्या सकाळी निदान एकदा तरी पडला होता. पडणे ही तेथे बातमीच नव्हती.

माझा मित्र धावत आला. त्याने मला उठवले. त्याचाही चेहरा गंभीर होता. आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहताना मला एकदम पुण्याची खानावळ आठवली.

संध्याकाळची वेळ होती. आम्ही आठ-दहा जण जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो. माझा मित्र वाढणाऱ्या काकांना म्हणाला, "काका, चहा थंड झाली." उर्दूत चाय थंड 'होती है', मराठीत मात्र चहा थंड 'होतो'. चूक एवढीशीच होती. पण मी मोठ्याने हसलो. नुसता हसलो नाही, तर त्याच्या आवाजाची नक्कल करून ते वाक्य पुन्हा म्हटले. मग सारे टेबल हसले. पुढे आठवडाभर तो दिसला की कोणीतरी "चहा थंड झाली" म्हणे. माझी स्वतःची घरची भाषाही उर्दूच. लहानपणी मीही अशाच चुका केल्या होत्या. तरी मी हसलो. कदाचित त्यामुळेच जास्त हसलो.

त्या रात्री जेवणानंतर मित्र आणि मी दोघेच बसलो होतो. बाहेर पुन्हा बर्फ पडत होता. गुडघ्याला अम्मींनी गरम फडके बांधले होते. मी धीर करून विचारले, "तू मराठी बोलणे त्या चहामुळे सोडलेस का?"

तो बराच वेळ कांगडीतले निखारे हलवत राहिला. मला वाटले, त्याला आठवत नसेल. मग तो म्हणाला, "हसणारा तू एकटा नव्हतास. पण बाकीचे गणित, विज्ञान शिकवणार होते. तू मराठीचा शिक्षक होणार होतास."

मी माफी मागितली. तो "जाऊ दे" म्हणाला. पण त्याच्या त्या वाक्याने मला गुडघ्यापेक्षा जास्त लागले. कारण मला माझ्या वर्गातले चेहरे दिसू लागले होते. फळ्याजवळ उभे राहून वाचताना अडखळणारा एक मुलगा होता. एकदा त्याच्या 'मी आली'वर मी हसलो होतो आणि माझ्यामागून सारा वर्ग. त्यानंतर त्याने कधी हात वर केला नव्हता. मी समजत होतो, त्याला अभ्यासच नको आहे.

दुसऱ्या दिवशी मला गोंडोलाने अगदी वर जायचे होते. चाचा नाही म्हणाले. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ थंडीने साखरेसारखा सुटा, दाणेदार होतो. त्यावर एकदम भरपूर नवा बर्फ पडला की तो खालच्या थराला धरून राहत नाही. मोठ्या उतारावर सारा थर एकदम निसटतो. त्यालाच हिमस्खलन म्हणतात. "नवा बर्फ बसायला वेळ द्यावा लागतो," चाचा म्हणाले. मी मुकाट्याने शिकाऊंच्या उतारावर गेलो. आठ केला, पडलो, उठलो, पुन्हा आठ केला. संध्याकाळपर्यंत मी दोनशे पावलांचा उतार न पडता उतरलो आणि ठरवलेल्या जागी थांबलो. माझी सारी कमाई एवढीच.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला महिन्याच्या अखेरीपर्यंत जवळजवळ बर्फच नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथे व्हायच्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. जानेवारी २०२४ मधल्या त्या कोरड्या दिवसांत मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "बूट पुसून ठेवले आहेत, मास्टरसाहेब. वाट पाहतो आहे." महिन्याच्या शेवटी मित्राचा फोन आला. त्याने उर्दूत सलाम केला, काश्मिरीत 'शीन मुबारक' म्हटले आणि मग सावकाश, एकेक शब्द जुळवत, बारा-तेरा वर्षांनी माझ्याशी मराठीत बोलला, "सर, बर्फ आला. चहा थंड झाली."

त्याने चूक मुद्दाम केली होती की खरीच, हे मी विचारले नाही. या वेळी आम्ही दोघेही हसलो, आणि आधी तो हसला.

विद्यार्थी मित्रांनो, मराठी ही तुमची दुसरी भाषा आहे. तुम्ही 'चहा थंड झाली' म्हणाल, 'मी आली' म्हणाल, ळ चा ल कराल. माझ्या वर्गात आता असे कोणी बोलले, की मी तेच वाक्य एकदा बरोबर म्हणतो आणि पुढे जातो. कधी कधी अजूनही ओठांवर हसू येते. तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उर्दूतला आठ आठवतो. तुमच्या शेजारी बसलेला मुलगा किंवा मुलगी उद्या वाचताना अडखळली, तर तुम्हीही तो आकडा आठवा. आणि तुम्ही स्वतः अडखळलात, तर उठा, कपडे झटका आणि वाक्य पुन्हा म्हणा.